दीड इंच माया

मृणालीनं पुण्याहून चार लिंका पाठवल्या.
पाचवी मगदूमवहिनींची,
ब्लाउज न्यायला आल्या तेव्हा दारातच उभं राहून धाडलेली.
म्हणाल्या, सात दिवस फुकट आहे, मग ठरव.
दुपारी खणभागात लाइट गेली
तसे मशीनवरचे पाय काढले आणि बघत बसले.

पहिलीत काचेच्या घरातली एक मुलगी.
मागे समुद्र. घाम नाही, धाप नाही,
आणि भोवती इतकी रिकामी फरशी
की आमची दोन्ही कपाटं बसतील.
दुसरी एकवीस दिवसांत पोट सपाट करून देणार होती.
मी वीस वर्षं गावाची पोटं चुण्यांत लपवत आले,
मला सांगते.

तिसरीनं आधी फॉर्म पुढे केला.
आपले ध्येय निवडा:
वजन घटवणे. लग्नाआधी. बाळंतपणानंतर. सुडौल दंड.
बोटानं तळापर्यंत सरकवलं.
माझं तिथं नव्हतं.

माझं ध्येय साडेतेरा किलोचं आहे,
रद्दीवाल्याच्या काट्यावर घालून बघितलंय.
काळं, ओतीव, सासूबाईंच्या हातचं मशीन.
आयर्विन पुलापाशी पाणी पंचेचाळीस फुटांच्या वर गेलं त्या साली
गल्लीतली दोन पोरं आली,
काकू, तुम्ही व्हा बाजूला, म्हणाली,
आणि जिन्यावरून वर घेऊन गेली ते.
मी झाले बाजूला.
एका हातानं गुडघा, एका हातानं भिंत.
पायटा खालीच राहिला, त्याच्या जाळीत गाळ अजून निघतो.
पोरांतलं एक आता चाकणला, एक मस्कतला.
नदी कुठं गेलेली नाही.

नदी फुटांत मोजतात, बाई इंचांत.
चौथीनं इंच मागितले: कंबर, दंड, मांडी.
माझ्या वहीत तीनशे अकरा बायका आहेत,
कुणाचा खांदा उतरता, कुणाची एक बाजू भरलेली,
माझं पान नाही.
माझा ब्लाउज मी जुना खाली ठेवूनच बेतते,
दर दिवाळीला अंदाजानं थोडा सैल.
आरशासमोर टेप गुंडाळला.
आकडा सांगणार नाही.
तीनशे अकरा जणींचा कधी बाहेर गेला नाही,
माझाच का जावा?

ह्यांना सकाळी आमराई आहे, फिरायला मित्र आहेत.
जिम आहे बँकेच्या वर, पण तिच्या जिन्यात
दीरांचं पानाचं दुकान.
आणि नळाला पाणी साडेपाचला.
म्हणून हे असं, घरात, दाराला कडी लावून.

पाचवी लावली.
बाईच्या मागे ओट्यावर कोथिंबीर पडलेली.
खुर्ची धरा, म्हणाली. घाई कुणाला आहे?
मधेच तिचा कुकर झाला.
बारानंतर ती आकडा विसरली,
हसली, धाप लागलेली तशीच बोलली,
चला, पुन्हा आठापासून.
मी थांबवलं. मागे नेऊन परत ऐकलं.
धाप खरी होती.

महिन्याचे पाचशे,
म्हणजे एक अस्तराचा ब्लाउज आणि तीन फॉल-पिको.
मग टेप घेऊन फरशीवर बसले.
चटईला अडुसष्ट इंच लागतात,
कॉट आणि कापायच्या टेबलामध्ये निघाले एकोणसाठ.
टेबल ओढताना आवाज झाला,
तर आतून हे, कोण पाहुणे यायचेत का?
म्हटलं, हो.

आज पहिला दिवस. पाणी भरून झालं, पडदा ओढला.
व्यायाम एवढाच:
खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा.
बसायची सवय आहे, उठण्याचा प्रश्न.
सहाव्याला गुडघा वाजला.
पडद्यातली बाई थांबली, जणू ऐकू गेलं.
बसा मिनिटभर, म्हणाली.

शिवणीत आत दीड इंच माया सोडतो आम्ही,
बाई बदलली तर उसवून घेता यावी म्हणून.
गिऱ्हाइकाला ती दिसत नाही.
मिनिट झालं.
सातवा.